आठ दिवस न पुसलेली काच

आमच्या संग्रहालयात काचा पुसायला जी बाई होती तिला सगळे आत्या म्हणायचे. खरं तर ती एकाच माणसाची आत्या, मुख्य दारावरच्या गार्डची. पण त्या भाच्याला दिवसभर हाका मारायची खोड. "आत्या, चहा आला", "आत्या, डबा विसरलीस", "आत्या, वर कुणाचं तरी पोर ओकलंय". ऐकून ऐकून तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. मी तिथला सुतार. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, तरी मीही आत्याच म्हणायचो. ती मला सुतारदादा म्हणायची.

तिच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस वाटतंय. जमेल की नाही ठाऊक नाही. आयुष्यभर मी लाकडावर पेन्सिलीने आकडे लिहिले, तेही रंधा फिरला की जायचे. पण यातली एक गोष्ट माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही, म्हणून लिहितो.

आत्याला स्वस्थ बसता येत नसे. चहा पिताना ती कपाची कड पुसायची. समोरच्याच्या चष्म्यावर डाग दिसला की तिचं बोलण्यातलं लक्ष उडालंच. एकदा तिने तिकीट खिडकीवरच्या माणसाचा चष्मा "द्या हो इकडे" म्हणून नाकावरून काढून घेतला होता. तो बिचारा फोनवर बोलत होता. बसमध्ये बसली की खिडकीची आतली बाजू पदराने पुसायची, आणि बाहेरची पुसता येत नाही म्हणून घरी पोचेपर्यंत चिडलेली असायची.

नऊ दालनं, साठ-पासष्ट काचेच्या पेट्या. सकाळी सातला यायची, दहाला दारं उघडायच्या आत सगळं लखलखीत. एका खांद्यावर ओलं फडकं, दुसऱ्यावर कोरडं. पुसण्याआधी मात्र ती काच वाचायची. वाचायची हाच शब्द बरोबर आहे. उजेडाकडे मान तिरकी करून बघायची आणि मग सांगायची.

"काल दोन नंबरात शाळा येऊन गेली."

"कोणी सांगितलं?"

"नाकांनी. एका रांगेत, या एवढ्या उंचीवर. मागची पोरं ढकलत होती. हे शेवटचं नाक बघा कसं पसरलंय."

आमच्याकडे येणारी माणसं काचेला हात लावतातच. 'हात लावू नये' अशा पाट्या मीच ठोकल्या होत्या, त्या पाट्यांवरही बोटं असायची. आत्याचा त्यावर राग नव्हता. तिने त्याचं शास्त्रच बनवलं होतं.

"बोट म्हणजे दुसऱ्याला दाखवणं. ही बघ तलवार, झालं, चला पुढे. नाक म्हणजे स्वतः बघणं. आणि कपाळ टेकलं म्हणजे माणूस तिथे थांबला. कपाळ टेकायला वेळ लागतो, सुतारदादा."

माझाही ठसा ती ओळखायची. माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर करवतीने कधीच नेलंय. "काल पाच नंबरात बिजागरी बघायला आला होतात ना? साडेचार बोटं आहेत काचेवर." मी ओशाळून हसायचो. चोरी करायची सोय नव्हती.

आता नऊ नंबरच्या दालनाबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं.

वरच्या मजल्यावर अगदी टोकाला ते दालन. त्यात एकच मोठी पेटी, आणि पेटीत एक लांबट लाकडी फळी, तिच्यावर रंगवलेलं चित्र. तीनशे वर्षांपूर्वीचं. पाटीवर एवढंच: 'राजाचा नगरप्रवेश. लाकडावर रंग. चित्रकार अज्ञात.' मधोमध पांढऱ्या घोड्यावर राजा, पुढेमागे भालेवाले, दोन्ही बाजूंना गच्चीगच्चीवर माणसं. पेटीचा चौथरा मी बनवलेला. राजाचा घोडा बरोबर डोळ्यांसमोर यावा अशी उंची धरली होती. डोळे कोणाचे, तर माझे. मी ताडमाड उंच, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

आत्याला मात्र एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसत होती. राजासमोरच्या काचेवर नुसती बोटं. नाकं आणि कपाळं असायची ती खाली, उजव्या कोपऱ्यात, मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर. म्हणजे माणसं मुद्दाम वाकत होती. एक दिवस तीही वाकली. त्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत एक घर आहे, घराचं दार उघडं. दारात एक बाई. सगळं गाव राजाकडे बघतंय, ही एकटी बघत नाहीये. तिच्या हातात एक छोटासा बूट आहे आणि ती ओरडतेय. पुढे गर्दीच्या पायांत तिचं पोर घुसतंय, एक पाय बुटात, एक उघडा.

"ही माझ्या ओळखीची आहे," आत्या मला म्हणाली होती. "रोज सकाळी माझ्या घरी असते."

तिची मुलगी नर्सिंगला जात होती, आणि घराबाहेर पडताना रोज काहीतरी विसरून जात होती.

त्या वर्षी नव्या संचालकबाई आल्या. वयाने तरुण, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. माणूस वाईट नव्हतं. रिकामी दालनं बघून त्यांचा जीव खरंच तुटायचा. "लोक आले पाहिजेत," त्या जिन्यात, व्हरांड्यात, माझ्या वर्कशॉपच्या दारातही म्हणायच्या. त्यांनी प्रत्येक दालनाच्या चौकटीवर एकेक यंत्र बसवलं. आत जाणारी माणसं मोजायचं यंत्र. भोकं मी पाडली. महिन्याभराने आकडे आले. तळमजल्यावरच्या दालनांत शेकड्यांनी, नऊ नंबरात दिवसाला जेमतेम पंधरा.

मग बैठक झाली. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. संचालकबाईंनी सांगितलं, नऊ नंबरात आता मोठे पडदे लागणार, चारी भिंतींवर हलती चित्रं दिसणार, लोक त्यात उभे राहणार. ती फळी खाली कोठारात जाणार. मंगळवारी दुपारी तीन वाजता समितीचे दोघं पाहायला येतील, त्यांनी होकार दिला की काम सुरू. फळीसाठी खोका बनवायचं काम माझ्याकडे.

"कुणाला काही बोलायचंय?"

आत्या बोलली. तिचे हात फडक्याला पीळ घालत होते. "बाई, नऊ नंबरात माणसं कमी येतात, पण थांबतात."

"कशावरून, आत्या?"

"काचेवरून."

कुणीतरी फिसकन हसलं. संचालकबाई हसल्या नाहीत. "तुमचा जीव आहे त्या दालनावर, कळतं मला. पण समितीला मी काय दाखवू? मला दाखवता येईल असं काहीतरी हवं."

आत्याने माझ्याकडे बघितलं. कोपऱ्यातली ती बाई मलाही ठाऊक होती, नाकं मीही बघितली होती. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. चार माणसांत तोंड उघडणं मला जमत नाही, पहिल्यापासून. पण ते कारण झालं. बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये आली. मी खोक्याच्या फळ्या कापत होतो. ती बसेना. करवतीचा भुसा हाताने गोळा कर, खिळ्यांचा डबा पूस, असं चाललेलं.

"सुतारदादा, दाखवा म्हणतात. दाखवू काय? रोज सकाळी मीच पुसते की! एकवीस वर्षं लोक सांगून जातात आणि मी पुसून टाकते. माझ्यासारखी शहाणी मीच."

"मग?"

"मग आता नाही पुसत. मंगळवारपर्यंत नऊ नंबरला हात लावत नाही. बघू दे त्यांना."

बोलायला सोपं होतं. आठ दिवस तिचे जे हाल झाले ते मी पाहिले. सकाळी आठ दालनं उरकून ती नवव्याच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. पुन्हा जायची. एकदा तर फडकं काचेला टेकलेलं मी पाहिलं. चटका बसल्यासारखा तिने हात मागे घेतला आणि तरातरा खाली जाऊन, सकाळीच पुसलेली एक नंबरची पेटी पुन्हा पुसली. जेवताना उठायची. चहा अर्धा टाकायची.

"शेंबड्या पोराला तसंच शाळेत धाडल्यासारखं वाटतंय हो," ती म्हणाली.

भाचा वैतागला होता. "आत्या, पुसून टाक ना एकदाची! सुपरवायझर मला विचारतो, तुझ्या आत्याच्या हाताला काय झालंय?"

"सांग त्याला, बोटं झिजली."

"तो मेमो देईल, मेमो!"

"देऊ दे. काचेत लावून ठेवीन."

सुपरवायझर हा माणूस नियमाचा पक्का. चौथ्या दिवशी त्याने खरंच मेमो दिला. आत्याने तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि त्याच्या शर्टाच्या बटणावरचा खडूचा डाग अंगठ्याने पुसला. तो आणखीच चिडला.

सोमवारी संध्याकाळी तो माझ्याकडे आला. खोका तयार होता, मी झाकणाला तेलाचं पॉलिश मारत होतो. "सुतारकाका, तुमचं ऐकते ती. सांगा तिला. उद्या समितीसमोर ती काच अशी दिसली तर मी तिला ठेवणार नाही. कंत्राट माझ्या सहीवर आहे."

मी मान हलवली. आत्याला सांगायला गेलो तर ती निघून गेली होती.

घरी जाऊन मला काही सुचेना. बायको दोनदा म्हणाली, "अहो, येरझारा कसल्या घालताय?" माझं डोकं एकाच ठिकाणी फिरत होतं. चित्र गेलं तर जाईल, फळीच ती. पण हिची नोकरी गेली तर? मुलीचं शिक्षण अर्धं. आणि मी बैठकीत बोललो नव्हतो. आता निदान काहीतरी करावं.

मी केलं ते असं. मंगळवारी सकाळी आत्या तळमजल्यावर असताना मी मागच्या जिन्याने वर गेलो, खिशातलं फडकं काढलं आणि नऊ नंबरची काच पुसली. आठ दिवसांची सगळी नाकं, सगळी कपाळं. खिडकीतून उजेड नीट आला नव्हता, काच मला स्वच्छ दिसली. मी चोरासारखा खाली उतरलो.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

साडेनऊला आत्या वर्कशॉपच्या दारात उभी. धापा टाकत होती. "काच कोणी पुसली?"

"मला काय माहीत," मी म्हणालो. रंधा हातात होता, मी तो उगाच फिरवत राहिलो.

ती थोडा वेळ बघत राहिली. माझ्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे. "ज्याने पुसली त्याला पुसता येत नाही," एवढं बोलून ती गेली.

दहाला दारं उघडली. भाच्याने मला येऊन सांगितलं, आत्या वरच्या जिन्याच्या पायरीवर बसलीय. फडकी दोन्ही खांद्यांवर, हात मांडीवर. "काका, ती बसलीय नुसती. तिला बरं नाही का?" मी जाऊन लांबून पाहिलं. खरंच बसली होती. इतक्या वर्षांत तिचे हात स्थिर मी पहिल्यांदाच पाहिले आणि मला ते बघवेना.

तीन वाजता मला टेप घेऊन वर बोलावणं आलं. फळीची मापं समितीसमोर सांगायची होती. संचालकबाई, समितीचे दोघं, एक जाडसर गृहस्थ आणि एक वयस्कर बाई, सुपरवायझर, मी. आत्या दाराशी. दुपारचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तिरकं आत आलं होतं आणि थेट काचेवर पडलं होतं.

मी काचेकडे पाहिलं आणि पायाखालची जमीनच सरकली. आदल्या दिवशी खोक्याला पॉलिश मारलं तेच फडकं सकाळी माझ्या खिशात होतं. सगळ्या काचेवर तेलाचा धुरकट थर चढला होता. आणि त्या थरावर, शिक्के मारावेत तसे, दिवसभरातले ठसे उठले होते. नुसत्या काचेवर कधी दिसले नसते इतके स्वच्छ.

"आत्या!" सुपरवायझरचा चेहरा लाल झाला. "ही काय काच आहे?"

आत्या पुढे आली. तिने एकदा काच वाचली, वरपासून खालपर्यंत. मग तिचा आवाज बदलला.

"ही आजची आहे, साहेब. सकाळी दहापासूनची. मी हात लावलेला नाही." ती संचालकबाईंकडे वळली. "बाई, दाखवा म्हणालात ना? हा राजा. इथे बघा, तीन बोटं. कुणीतरी कुणाला तरी दाखवलं नि पुढे गेलं. आता इकडे या. अशा नाही, वाका की थोड्या. हे नाक. हे कपाळ. हे पोराचं, हे मोठ्या माणसाचं, टक्कल असणार, बघा किती वरपर्यंत टेकलंय. मोजा तुम्ही. मी मोजत नाही, नाहीतर म्हणाल आत्या वाढवून सांगते."

संचालकबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि खरंच मोजू लागल्या. वर बघून त्यांनी सुपरवायझरला विचारलं, "यंत्र किती सांगतंय आज?"

त्याने फोनमध्ये पाहिलं. "चौदा."

"कपाळं तेवीस आहेत."

"चौदा माणसांना तेवीस कपाळं?" समितीचे गृहस्थ म्हणाले.

"एकदा बघून पोट भरलं नसेल," आत्या म्हणाली. "मीसुद्धा दोनदा वाकते."

"पण इथे आहे काय एवढं?" संचालकबाई आणखी पुढे झुकल्या. बराच वेळ त्या तशाच वाकून होत्या. "हिच्या हातात काय आहे?"

"बूट. पोरगं एकाच पायात घालून पळालंय, राजा बघायला."

समितीच्या वयस्कर बाई मोठ्याने हसल्या. "अगं बाई! माझ्या नातवाचं रोज सकाळी हेच!" आणि त्याही वाकल्या. गृहस्थांना पोटामुळे वाकता येईना, ते म्हणाले, "जरा सरका ना, मलाही बघू द्या." संचालकबाई सरळ उभ्या राहिल्या तेव्हा काचेवर चोविसावं कपाळ उमटलं होतं. आत्याचं लक्ष लगेच तिथे गेलं, माझंही.

"मी या चित्रासमोरून रोज जाते," संचालकबाई हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून: "सुतारकाका, हा चौथरा एवढा उंच कुणी केला? पोरांना राजा दिसणार कसा?"

"मी," मी म्हणालो. त्या दिवशी तेवढं एक खरं बोललो.

पुढचं थोडक्यात सांगतो. पडदे आले, नऊ नंबरातच आले. ते काही थांबलं नाही. पण फळी कोठारात गेली नाही. ती तळमजल्यावर, दारातून आत आल्या आल्या उजव्या हाताला ठेवली. चौथरा मी हातभर कापला, आणि खोक्याच्या फळ्यांची लहान मुलांसाठी पायरी केली. संचालकबाईंनी नवी पाटी लिहायला घेतली. पहिला मजकूर एक पानभर होता. त्यांनी तो आत्याला वाचून दाखवला. आत्या म्हणाली, "छान आहे. पण एवढं वाचेपर्यंत पोर हरवेल." शेवटी पाटीवर जुन्या ओळीखाली आत्याचीच ओळ लागली: 'राजा मध्ये आहे. बूट खाली, उजवीकडे.'

मेमो तेवढा रद्द झाला नाही. आठ दिवस काच पुसली नव्हती, हे खरंच होतं ना.

पडद्यांच्या दालनातही लोक जातात. तिथे तो राजा भिंतीएवढा दिसतो, घोडा चालतो. आत्याला तिथे काम नाही, काचच नाही. "आत जातात, गोल फिरतात, बाहेर येतात," ती म्हणायची. "त्यांनी काय बघितलं ते मला कळतच नाही." आणि दाराची मूठ पुसून निघून जायची.

चार महिन्यांनी मी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी आत्याने मला एक नवं फडकं दिलं, धुऊन, घडी करून. "घरच्या काचा पुसायला," ती म्हणाली. मी घेतलं. मग ती माझ्या अर्ध्या बोटाकडे बघत म्हणाली, "याला पॉलिश लावू नका. आणि पुसताना तरी हात टेकू नका हो काचेला." माझे कान गरम झाले. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात भाच्याने खालून हाक मारली आणि ती गेली.

गेल्या महिन्यात मी तिकीट काढून संग्रहालयात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून. फळीसमोर हात मागे बांधून उभा राहिलो, चौथऱ्याचे सांधे बघितले, ते धरून आहेत असं वाटलं, आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला.

"काका, काल तुम्ही आला होतात ना? मी आत्याला सांगितलं तर ती ऐकतच नाही. म्हणते, काचेवर तर नाहीत ते. मी म्हटलं, अगं, माझ्यासमोरून गेले. तर म्हणाली, गेले असतील, बघितलं नसेल."

मला चैन पडेना. दोन दिवसांनी पुन्हा गेलो. गुडघे दुखतात, तरी त्या पायरीला धरून खाली झालो, डावा हात पायरीवर, उजवा काचेवर, आणि कपाळ टेकलं. काच गार होती. ती बाई ओरडतेय ते मला ठाऊक होतं. पण बूट धरलेला तिचा हात किती पुढे आलाय, दाराबाहेर, उन्हात, ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मागे एक मुलगी आपली पाळी यायची वाट बघत होती. तिने विचारलं, "आजोबा, झालं का?" मी म्हणालो, "थांब जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दहा वाजायच्या आत, पुन्हा भाच्याचा फोन.

"काका, आत्या विचारतेय, गुडघे कसे आहेत?"